भागीदारीतला पर्यटन व्यवसाय : नोंदणी कशी, जबाबदारी कोणाची

वाचकांचे प्रश्न : व्यवसाय आणि कायदा

ठाणे आणि नवी मुंबईतून सहली काढणाऱ्या, गावाकडे घरगुती निवास सुरू करू पाहणाऱ्या तरुण मंडळींची संख्या वाढते आहे आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा आरंभ मैत्रीतून किंवा नात्यातून होतो. या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे अशा भागीदारीविषयीची आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातील परिस्थिती अनेकांची आहे.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र आणि एक मैत्रीण असे तिघे गेली काही वर्षे ठाण्यातून शनिवार-रविवारच्या सहली काढतो. कोकणातले किनारे, पावसाळ्यात धबधबे आणि घाटमाथ्यावरचे ट्रेक, मे अखेरीस भंडारदऱ्याला काजवे, असे आमचे कार्यक्रम असतात. एका मित्राची कर्जावर घेतलेली सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, मैत्रीण बुकिंग आणि हिशेब पाहते, आणि मी प्रत्येक सहलीबरोबर जातो. पैसे मैत्रिणीच्या बचत खात्यात यूपीआयने जमा होतात आणि महिनाअखेरीस खर्च वजा करून आम्ही ते वाटून घेतो. गेल्या आर्थिक वर्षात एकूण जमा सुमारे २८ लाख रुपये होती. लेखी करार काहीच नाही. एका परिचितांनी पाचशेच्या बाँडवर करार करून टाका असे सांगितले, तर दुसऱ्यांनी थेट प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढण्याचा सल्ला दिला. शिवाय माझे एक नातेवाईक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, ते ३ लाख रुपये घालून स्लीपिंग पार्टनर होण्यास तयार आहेत. आम्ही काय करावे?
एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : लेखी करार नाही म्हणून तुमची भागीदारी अजून झालेली नाही, अशी तुमची समजूत दिसते. ती आधी दूर केली पाहिजे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार सर्वांनी मिळून, किंवा सर्वांच्या वतीने एकाने, चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ठरले की भागीदारी अस्तित्वात येते. त्यासाठी करार लेखी असण्याची अट नाही. वाद न्यायालयात गेला तर न्यायालय तुमच्या प्रत्यक्ष वागण्यावरून नाते ठरवील, आणि महिनाअखेरीस होणारी तुमची वाटणी पाहता तुम्ही तिघे आजही भागीदार आहात. म्हणजे भागीदारीच्या सगळ्या जबाबदाऱ्या तुमच्यावर आहेत, फक्त तिच्यापासून मिळणारे संरक्षण तुम्ही घेतलेले नाही.

या जबाबदाऱ्या किती मोठ्या आहेत ते तुमच्याच एका कार्यक्रमावरून पाहू. पावसाळी सहलीत धबधब्याखाली उतरताना एखादा पाहुणा पाय घसरून पडला, मणक्याला दुखापत झाली आणि त्याने ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार केली, असे समजा. तुम्ही तिघेही त्यात सामनेवाले व्हाल, घरी बसून बुकिंग घेणारी तुमची मैत्रीणसुद्धा. भागीदारी कायद्याच्या कलम २५ प्रमाणे प्रत्येक भागीदार संस्थेच्या देण्याला एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. त्यामुळे भरपाईची संपूर्ण रक्कम तिघांपैकी ज्याच्याकडे वसूल होण्यासारखे काही आहे त्याच्याकडूनच वसूल होऊ शकते, मग ते त्याचे राहते घर असो की मुदत ठेव. सहलीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर ‘जोखीम माझी’ असा मजकूर भरून घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. सावधगिरीची सूचना दिल्याचा पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो, पण आयोजकाच्या निष्काळजीपणावर तो कागद पांघरूण घालू शकत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच नुकसानीची आहे. दापोलीच्या एखाद्या हॉटेलात तुम्ही गर्दीच्या हंगामासाठी ८० हजार रुपये आगाऊ भरले आणि ऐन वेळी मालकाने खोल्या दुसऱ्यांना दिल्या, तर ती रक्कम परत मिळवण्यासाठी संस्थेला दिवाणी दावा करावा लागेल. नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला कराराच्या आधारे त्रयस्थाविरुद्ध असा दावा करताच येत नाही, असे कलम ६९ सांगते. त्रयस्थाला मात्र तुमच्यावर दावा करण्याची पूर्ण मोकळीक आहे. पाचशेच्या बाँडवर करार करून तो कपाटात ठेवल्याने ही स्थिती मुळीच बदलत नाही. शिवाय भागीदारीच्या करारावरील मुद्रांक शुल्क भांडवलाच्या रकमेवर ठरते. पाचशेचा बाँड प्रत्येक भांडवलाला पुरतो हा समज चुकीचा आहे, आणि कमी मुद्रांकाचा करार नेमका गरजेच्या वेळी पुरावा म्हणून अडतो.

कोणतीही नवी संस्था काढण्याआधी २८ लाखांचा विषय हाती घ्यावा, कारण तो थांबणारा नाही. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते आणि मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. सहल आयोजकाच्या पॅकेजवर ५ टक्के कर असतो आणि तो तुमच्या कमिशनवर किंवा नफ्यावर नसून पाहुण्याकडून घेतलेल्या पूर्ण रकमेवर लागतो. तुमची सगळी रक्कम मैत्रिणीच्या बचत खात्यात, म्हणजे तिच्या पॅनवर जमा झालेली आहे, त्यामुळे जीएसटी आणि आयकर या दोन्ही खात्यांच्या नजरेत प्रथमदर्शनी ती सारी उलाढाल तिची एकटीची आहे. तुम्हा दोघांना दिलेल्या वाट्याचा लेखी हिशेब नसेल, तर तो खुलासा तिला एकटीला करावा लागेल. तिने विश्वासाने घेतलेले हे काम तिच्यावर ओझे होऊ नये, ही तुम्हा दोघांची जबाबदारी आहे. चार्टर्ड अकाउंटंटकडे बसून मागील हिशेब सहलवार तयार करा, देय कर नोटीस येण्याआधी स्वतःहून भरा, म्हणजे दंडाचा भार हलका राहतो. नव्या संस्थेचा पॅन वेगळा असेल, पण जुने देणे नव्या पॅनवर ढकलता येणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तुमच्यासमोर व्यवहार्य पर्याय तीन आहेत, नोंदणीकृत भागीदारी, मर्यादित दायित्व भागीदारी म्हणजे बोलण्यातली एलएलपी, आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. नोंदणीकृत भागीदारी सर्वांत स्वस्त आणि सुटसुटीत आहे. भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणी झाली की हॉटेलवाल्यावर दावा करता येईल, पण धबधब्यावरच्या अपघाताची अमर्याद वैयक्तिक जबाबदारी तिघांवर तशीच राहील. तुमचा व्यवसाय दोरखंड, पाणी, घाटरस्ते आणि रात्रीचा प्रवास यांच्याशी निगडित असल्याने मला हा पर्याय तुमच्यासाठी पुरेसा वाटत नाही.

एलएलपी २००८ च्या कायद्याने आली. ती भागीदारांपासून स्वतंत्र अशी कायदेशीर व्यक्ती असते आणि तिचे देणे तिच्या मालमत्तेतूनच फेडायचे असते. एका भागीदाराच्या चुकीसाठी दुसऱ्याचे घर पणाला लागत नाही, हा तिचा खरा गाभा आहे. मात्र ज्याने स्वतः चूक केली त्याची स्वतःची जबाबदारी एलएलपीतही संपत नाही. पत्र तुम्ही लिहिले आहे आणि सहलीबरोबर जाणारे तुम्हीच आहात, म्हणून हे स्पष्ट लिहितो : एलएलपी केल्याने तुमच्या मैत्रिणीला आणि गाडीमालक मित्राला जे संरक्षण मिळेल, ते तुमच्या हातून प्रत्यक्ष झालेल्या निष्काळजीपणापुरते तुम्हाला मिळणार नाही, आणि कंपनी काढली तरीही मिळणार नाही. तुमचे संरक्षण विम्यात, प्रशिक्षित सहायकांत आणि सुरक्षिततेच्या नियमांत आहे. पाहुण्यांचा समूह अपघात विमा आणि आयोजकाच्या दायित्वाचा विमा हे दोन्ही खर्च सहलीच्या दरातच धरावेत. राज्य शासनाचे साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आले आणि त्यानुसार ट्रेकिंग, रॅपलिंगसारखे उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी नसताना अपघात झाला, तर बचावाला सुरुवातीपासूनच बाधा येते.

एलएलपीची शिस्त वर्षभर पाळावी लागते, पण ती तिघांना झेपणारी आहे. वार्षिक विवरण ३० मेपर्यंत आणि हिशेबाचे विवरण ३० ऑक्टोबरपर्यंत भरायचे असते, वर्षात एकही सहल झाली नसली तरी. लेखापरीक्षण मात्र उलाढाल ४० लाखांच्या किंवा भागीदारांचे योगदान २५ लाखांच्या वर गेल्यावरच सक्तीचे होते, म्हणजे आजच्या २८ लाखांवर ते तुम्हाला लागू नाही. कंपनीत उलाढाल कितीही लहान असली तरी पहिल्या वर्षापासून लेखापरीक्षक नेमावा लागतो, संचालक मंडळाच्या सभा आणि त्यांचे इतिवृत्त ठेवावे लागते, आणि संचालकाला गरजेपुरते पैसे उचलून नंतर फेडण्याची सवय कायद्याला चालत नाही. तुम्ही दर महिन्याला वाटणी करणारे आहात, त्यामुळे कंपनीची चौकट तुम्हाला पहिल्या तिमाहीतच जाचक होईल. बाहेरचा गुंतवणूकदार भाग घेऊन येणार असेल, चार-पाच बस घ्यायच्या असतील किंवा एखादे रिसॉर्ट दीर्घ मुदतीने चालवायला घ्यायचे असेल, तेव्हा कंपनीचा विचार करावा. एलएलपीचे पुढे कंपनीत रूपांतर करता येते. कोणताही प्रकार निवडला तरी बँक कर्ज देताना वैयक्तिक हमी मागेल आणि त्या कर्जापुरते मर्यादित दायित्व उरणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

करावरून निर्णय घेण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. माझ्या मते तुमच्या आकाराच्या व्यवसायात करातील फरक निर्णायक नाही. भागीदारी आणि एलएलपी या दोहोंच्या नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, कंपनीला २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेता येतो, पण कंपनीतून लाभांश काढला की तो भागधारकाच्या हाती पुन्हा करपात्र होतो. भागीदारांना द्यायचा मोबदला वजा होतो हे जमेस धरले, तर चित्र आणखी बदलते. तुमचा मोबदल्यापूर्वीचा नफा ९ लाख आहे असे धरा. पहिल्या ६ लाखांच्या ९० टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि उरलेल्या ३ लाखांच्या ६० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, असा एकूण ७ लाख २० हजारांपर्यंतचा मोबदला प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदारांना देता येतो. एलएलपीकडे १ लाख ८० हजार उरतात आणि त्यांवरचा कर उपकरासह ५६,१६० रुपये होतो. ही वजावट मिळण्यासाठी मोबदल्याची रक्कम किंवा ती काढण्याची पद्धत करारात लिहिलेली असावी लागते, आणि करारापूर्वीच्या काळासाठी ती मिळत नाही. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला मोबदला, व्याज वगैरे वर्षात २० हजारांच्या वर गेल्यास संस्थेला १० टक्के टीडीएस कापावा लागतो, हे तुमच्या मैत्रिणीने हिशेबात आधीच बसवावे.

तेव्हा माझा कौल एलएलपीला आहे. पण तिघांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो एलएलपीच्या कराराला. नोंदणीनंतर ३० दिवसांत हा करार दाखल करायचा असतो. तसे केले नाही किंवा करारात एखादी बाब राहून गेली, तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील तरतुदी लागू होतात, आणि त्यांनुसार नफा सर्वांना समान आणि कामाचा मोबदला कोणालाच नाही. तुमच्यापैकी एकाचे भांडवल गाडीत अडकलेले, एकीचा दिवसभराचा वेळ, आणि एकाच्या अंगावर सहलीची जोखीम, अशा परिस्थितीत समान वाटणी न्याय्य ठरेलच असे नाही. इंटरनेटवरून उतरवलेला तयार नमुना वापरू नका. करारातले एखादे कलम कसे असावे याचा नमुना म्हणून हे पाहा : ‘२५,००० रुपयांहून अधिक आगाऊ रक्कम कोणत्याही हॉटेल, वाहतूकदार किंवा पुरवठादारास देताना किमान दोन भागीदारांची लेखी संमती आवश्यक राहील, व्हॉट्सॲप अथवा ईमेलवर दिलेली संमती लेखी समजली जाईल.’ याच पद्धतीने रद्द झालेल्या सहलीचा परतावा कोणी मंजूर करायचा, पावसाचा इशारा आल्यावर सहल थांबवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, भागीदाराने बाजूने स्वतंत्र सहली काढायच्या की नाहीत, संस्थेचे नाव आणि इन्स्टाग्रामचे खाते कोणाच्या मालकीचे, आणि एखादा बाहेर पडल्यास त्याचा वाटा कोणत्या तारखेच्या ताळेबंदावर, किती हप्त्यांत द्यायचा, हे लिहून ठेवा. सहल थांबवण्याचा अधिकार सहलीबरोबर असलेल्या व्यक्तीकडे असावा आणि त्या निर्णयाने झालेले नुकसान तिघांनी सोसावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. पैशाच्या दबावाखाली पाण्यात उतरण्याचा निर्णय कधीही होऊ नये.

गाडी एलएलपीच्या नावावर करण्याची घाई करू नका. तीवर बँकेचा बोजा आहे, त्यामुळे हस्तांतरणाला बँकेचे ना हरकत पत्र, परमिट आणि विम्याचे हस्तांतरण हे सगळे लागेल. गाडी मित्राच्याच नावे ठेवून एलएलपीने ती भाड्याने घ्यावी आणि दिवसाचे किंवा किलोमीटरचे भाडे, डिझेल, चालकाचा पगार, टोल आणि दुरुस्ती कोणाकडे, हे स्वतंत्र करारात लिहावे. रस्त्यावरील अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालक आणि त्याच्या विमा कंपनीवर येते, म्हणून भाडे ठरवताना मित्राच्या या जास्तीच्या जोखमीला मोल द्यावे. गाडीवर पिवळी पाटी आणि पर्यटक परमिट आहे ना, याची खातरजमा करा. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन पाहुणे नेले, तर विम्याचा दावाच वादात सापडतो.

शिक्षक नातेवाइकांना भागीदार करू नका. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापारात भाग घेणे त्यांच्या नोकरीला धोका निर्माण करते. शिवाय ‘स्लीपिंग’ राहिल्याने साध्या भागीदारीत दायित्व कमी होत नाही. प्रत्यक्ष काम न करणाऱ्या भागीदाराची जबाबदारीही काम करणाऱ्याइतकीच असते. त्यांच्या पत्नीच्या नावावर पैसे ठेवून व्यवहार त्यांनीच पाहायचा, ही पळवाटही सुचवली जाईल, ती स्वीकारू नका. तुमच्या व्यवसायाला ३ लाखांची खरोखरच गरज असेल, तर उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करून बँकेकडे जाणे सर्वांच्याच हिताचे आहे.

प्रश्न : मी नेरुळला राहते. माझी जाऊ आणि मी मुरबाड तालुक्यात सासऱ्यांच्या शेतावर चार खोल्यांचा घरगुती निवास आणि जेवणाची सोय सुरू करणार आहोत. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. महिलांसाठीच्या ‘आई’ धोरणाखाली कर्ज घेण्याचा विचार आहे. आमच्या यजमानांनाही भागीदार करावे, म्हणजे बँक लवकर तयार होईल, असे घरात मत आहे. संस्था कोणत्या प्रकारची असावी?
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : यजमानांना भागीदार करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्याचे ‘आई’ हे महिला केंद्रित पर्यटन धोरण २०२३ साली जाहीर झाले. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा १२ टक्क्यांच्या मर्यादेतील परतावा सात वर्षांपर्यंत किंवा एकूण साडेचार लाखांपर्यंत मिळतो. त्यासाठी व्यवसाय पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीकृत, महिलांच्या मालकीचा आणि महिलांनीच चालवलेला असला पाहिजे. यजमानांची नावे मालकीत आली की नेमकी हीच अट बिघडते. बँकेला आधार हवा असेल, तर ते जामीनदार होऊ शकतात.

तुमचा व्यवसाय पहिल्या पत्रातील व्यवसायापेक्षा शांत स्वरूपाचा आहे आणि त्याचा आकारही लहान राहील. त्यामुळे दोघींची नोंदणीकृत भागीदारी संस्था तुम्हाला पुरेल, एलएलपीचा वार्षिक खर्च आजच अंगावर घेण्याची गरज मला दिसत नाही. साध्या भागीदारीला आयकराची अनुमानित नफ्याची पद्धतही वापरता येते. तीत डिजिटल जमेवर ६ टक्के आणि रोख जमेवर ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. एलएलपीला ही सोय नाही. मात्र या पद्धतीत भागीदारांचा मोबदला वेगळा वजा करता येत नाही. पुढे ओढ्यात पोहणे, बैलगाडीची किंवा बोटीची फेरी असे उपक्रम जोडलेत, तर त्या वेळी दायित्वाचा विचार नव्याने करा.

जमीन ही या व्यवसायातली सर्वांत नाजूक बाब आहे. जमीन किंवा घर भागीदारीचे भांडवल म्हणून मुळीच दाखवू नका, कारण भांडवलात आलेली मालमत्ता संस्थेची होते आणि पुढे दोघींपैकी एक बाहेर पडली, तर शेतच वाटणीच्या वादात ओढले जाईल. सासऱ्यांनी संस्थेला घर आणि आवार भाडेपट्ट्याने द्यावे, भाडे नाममात्र असले तरी चालेल, पण पट्टा कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी नसावा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आवश्यक असते. जमीन वडिलोपार्जित असेल आणि दीर किंवा नणंदा यांचा हिस्सा त्यात असेल, तर त्यांच्या सह्याही आजच घ्या. आज सर्वांचे मन एक आहे, म्हणूनच सही मागणे सोपे आहे, आणि सासऱ्यांच्या पश्चात हा नोंदणीकृत पट्टा वारसांवरही बंधनकारक राहील.

दोनच भागीदार असलेल्या संस्थेची एक मर्यादा तुम्हाला माहीत असावी. एकीचे निधन झाले तर भागीदारी तेथेच संपते. वारसांना घेऊन संस्था चालू राहील असे करारात लिहिले, तरी उरलेली एकटी व्यक्ती भागीदारी होऊ शकत नाही, वारसाने नव्याने करार करावा लागतो. म्हणून करारात खाटा, गाद्या, सौर पंप, स्वयंपाकघराचे साहित्य यांचे मूल्य कसे काढायचे आणि वारसाला ते किती महिन्यांत द्यायचे, हे नमूद करा. कृषी पर्यटन केंद्र म्हणूनही नोंदणी करायची असेल, तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखालील अर्ज सातबारावर नाव असलेल्या सासऱ्यांच्या नावे करायचा की संस्थेच्या, हे पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात विचारून मगच भाडेपट्टा लिहा, म्हणजे दोन्ही कागद परस्परांशी जुळतील.

प्रश्न : मी वाशीतील एका ट्रेकिंग संस्थेत भागीदार होतो. गेल्या वर्षी सामोपचाराने बाहेर पडलो, साध्या कागदावर तसे लिहूनही घेतले. आता एका बसमालकाने मी बाहेर पडल्यानंतरच्या थकबाकीसाठी मला नोटीस पाठवली आहे, आणि जीएसटीचे विवरण थकल्याचेही कानावर आले आहे. माझी जबाबदारी कुठवर?
एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : बाहेर पडण्याआधीच्या देण्यांची तुमची जबाबदारी कायम आहे. धनको आणि उरलेले भागीदार यांच्याशी करार होऊन तुम्ही मोकळे झाला असाल तरच ती सुटते. बाहेर पडल्यानंतरच्या देण्यांसाठी मात्र साधा कागद पुरेसा नाही, कारण तो तुमच्या आपसातला आहे, बसमालकाला त्याची माहिती नाही. भागीदारी कायद्याप्रमाणे निवृत्तीची जाहीर सूचना द्यावी लागते. नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत ती निबंधकांकडे, राजपत्रात आणि संस्थेचे मुख्य ठिकाण असलेल्या जिल्ह्यात खप असलेल्या किमान एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यायची असते. ती दिली नसेल तर आजच द्या. बसमालकाच्या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर देऊन निवृत्तीची तारीख कळवा आणि त्याच्याशी झालेला व्यवहार तुमच्या काळातला की नंतरचा, हे बिलांवरून तपासा.

जीएसटीच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. निवृत्त होणाऱ्या भागीदाराने किंवा संस्थेने एक महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी कळवले, तर निवृत्तीच्या तारखेपर्यंतच्याच कराची जबाबदारी राहते. तसे कळवले नाही, तर ती सूचना प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत चालू राहते. तुम्ही हे केल्याचे पत्रात दिसत नाही, म्हणून प्रत्येक महिना तुमच्यावर भार वाढवतो आहे. या आठवड्यातच लेखी सूचना देऊन पोच घ्या आणि उरलेल्या भागीदारांना जीएसटी पोर्टलवरून तुमचे नाव काढायला सांगा. बँकेलाही कळवून खात्यावरचा सहीचा अधिकार रद्द करून घ्या.

आणखी एक गोष्ट तपासा. संस्थेच्या पोस्टरवर, व्हॉट्सॲप गटाच्या माहितीत किंवा इन्स्टाग्रामवर ‘संपर्क’ म्हणून तुमचे नाव आणि मोबाइल क्रमांक अजूनही असेल आणि तुम्ही ते माहीत असून चालू दिले असेल, तर त्यावर विसंबून व्यवहार करणाऱ्याच्या दृष्टीने कायदा तुम्हाला भागीदारच मानू शकतो. ते नाव आणि क्रमांक काढायला लेखी सांगा, आधीच्या पोस्टरचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, आणि आजवर तुमच्या फोनवर आलेल्या बुकिंगच्या चौकशांना उत्तर देताना ‘मी आता या संस्थेत नाही’ असे लिहून पाठवत जा.